स्टेपिंग स्टोन्स (अंककोडे)

स्टेपिंग स्टोन्स हे अमर्याद चौकटींच्या पटावर एकट्याने सोडवायचे अंककोडे आहे. थॉमस लादुसर आणि जेरेमी रेबेनस्टॉक यांनी मांडलेल्या या कोड्याची नोंद २०२० मध्ये पूर्णांक क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात (ओईआयएस) ए३३७६६३ या क्रमांकाने झाली. त्या विश्वकोशाचे संस्थापक नील स्लोन यांनी व्हिडिओतून ते समजावून सांगितल्याने ते अनेकांपर्यंत पोचले.

आधी ठरलेल्या संख्येइतके १ पटावर हवे तिथे मांडायचे. मग २, ३, ४ अशा संख्या क्रमाने ठेवत जायच्या. संख्या ज्या घरात ठेवायची, त्याच्या शेजारच्या आठ घरांतली (तिरकी घरेही धरून) त्या क्षणीची बेरीज नेमकी त्या संख्येइतकी हवी. नंतर शेजारी काहीही आले तरी चालते. एकही संख्या गाळता येत नाही. शेवटी ठेवता आलेली संख्या हाच गुण.

हातात दोन १ आहेत असे समजू. तीन बाय तीनच्या चौकोनात एक १ वरच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि मधोमध २. वरच्या १ च्या उजवीकडे ३ बसतो (१+२). त्याच १ च्या वर ४, डावीकडे ५, डावीकडे खाली तिरके ६. सगळे सुरळीत चाललेले असते आणि ७ ला पटावर कुठेच जागा उरत नाही! त्या १ च्या लगेच खालच्या रिकाम्या घराची बेरीज तर १७ झालेली असते. दोन १ वापरून १६ पर्यंत जाता येते, अगदी ४ पर्यंतची हीच मांडणी ठेवूनही; पण त्यासाठी पुढच्या चालींचा वेगळा विचार करावा लागतो. कोड्याची खरी गोडी इथेच आहे.

प्रत्येक नव्या संख्येला आधीच्या किमान दोन संख्यांचा शेजार लागतो. १ आणि लगेच आधीची संख्या हा सर्वांत सोपा शेजार. पण एका १ भोवती घरे आठच. म्हणून सगळे १ सुरुवातीलाच खर्च न करता काही दूर राखून ठेवावे लागतात.

एकच १ असेल तर खेळ १ वरच संपतो. तीन, चार, पाच आणि सहा १ साठी सर्वोच्च गुण अनुक्रमे २८, ३८, ४९ आणि ६०. हे आकडे संगणकाने शोधले आहेत. १ कितीही वाढवले तरी सर्वोच्च गुण त्यांच्या एका ठराविक पटीपलीकडे जात नाही, हेही सिद्ध झाले आहे.