खाण्याची डायरी

खाण्याची डायरी म्हणजे दिवसभरात तोंडात जे जे गेलं ते, किती वाजता, अंदाजे किती आणि कुठे बसून, हे त्या त्या वेळीच लिहून ठेवायची सवय. पुस्तकी भाषेत हिला आहार नोंदवही म्हणतात, पण डाएटिशियनकडे गेलात तर "आठवडाभर फूड डायरी ठेवा आणि मग या" असंच ऐकायला मिळतं. वजन कमी करायला, शुगर ताब्यात आणायला, किंवा अ‍ॅसिडिटी नेमकी कशाने होते ते शोधायला लोक ही ठेवतात. जुनी डायरी, कॅलेंडरची मागची बाजू, फोनमधलं अ‍ॅप, काहीही चालतं.

खाल्लेलं मोजून लिहायचा छंद जुना आहे. इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) सुमारे ३० वर्षं स्वतःचं वजन, खाणंपिणं आणि शरीराबाहेर पडणारं सगळं तोलत बसला, त्यासाठी त्याने खुर्चीच तराजूला टांगली होती. खाल्लेल्या वजनातलं बरंचसं मलमूत्रातून बाहेर येतच नाही, नकळत उडून जातं, हे त्याच्या लक्षात आलं आणि १६१४ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक निघालं. त्याला बारीक वगैरे व्हायचं नव्हतं, हिशोब लावायचा होता. नंतर पोषणाच्या अभ्यासात ही पद्धत मुरली. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहार सर्वेक्षणात "काल दिवसभरात काय काय खाल्लं" ही २४ तासांची उजळणी वापरत आलीय, पण ती आठवणीवर चालते आणि डायरी हातोहात लिहायची असते, दोन्हीत फरक आहे.

आता मुद्द्याचं, माणूस स्वतःच्या खाण्याबद्दल फार चुकीचं सांगतो, आणि मुद्दाम खोटं बोलतो असंही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात "आम्ही काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही" असं म्हणणारी १० माणसं होती. त्यांनी लिहिलेल्या हिशोबाप्रमाणे ती दिवसाला सरासरी १०२८ कॅलरी खात होती, आणि खास खुणेचं पाणी (ज्यातले अणू नंतर लघवीत ओळखता येतात) पाजून शरीरात खर्च झालेली ऊर्जा मोजून खरा आकडा काढला तर तो निघाला २०८१. म्हणजे जवळपास निम्मं खाणं वहीत आलंच नव्हतं. व्यायाम मात्र त्यांनी होता त्यापेक्षा दीडपट सांगितला होता!

तरीही डायरीचा उपयोग होतो. २००८ मध्ये अमेरिकेतच जवळपास १७०० लोकांवरच्या सहा महिन्यांच्या वजन कमी करायच्या कार्यक्रमाचा निकाल आला, तेव्हा रोज लिहिणाऱ्यांचं वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. जो रोज लिहितो तो मुळातच चिकाटीचा असणार, त्यामुळे सगळं श्रेय वहीला देता येत नाही हेही खरं. पण लिहायचं आहे म्हटल्यावर चौथं बिस्किट उचलताना हात थबकतो, हे ज्याने चार दिवस डायरी ठेवलीय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मराठी घरात ही डायरी ठेवणं जरा अवघड जातं कारण आपलं खाणं सामायिक पातेल्यातलं, भाजीच्या फोडणीत किती तेल गेलं आणि त्यातलं आपल्या वाटीत किती आलं हे कुणालाच माहीत नसतं, दाण्याचं कूट तर मुठीने पडतं. यावर सोपा उपाय म्हणजे महिन्याचा डबा मोजायचा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल तर माणशी १ लिटर, म्हणजे रोजचं ३० ग्रॅमच्या आसपास. पोषण संस्थेच्या दिवसभराच्या २०००-कॅलरीच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, आणि बाहेरचा वडापाव, फरसाण यातलं तेल या डब्यात मोजलेलंच नाही. चहाचंही तसंच, दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा झाला तर चमच्याला ५ ग्रॅम धरून ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि वहीत लिहिलेलं असतं नुसतं "चहा".

सगळ्यात जास्त काय सुटतं? जे ताटात वाढून घेतलेलं नसतं ते. मुलाच्या ताटातला वरणभात वाया नको म्हणून, पोळ्या लाटता लाटता तूप-साखर लावलेली एक, चव बघायला तीन चमचे आमटी, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा, रात्री फ्रिज उघडून उभ्याउभ्या खाल्लेला शिरा. घरातल्या बायकांच्या डायऱ्यांत ही गळती जास्त दिसावी यात नवल नाही, सगळ्यांचं उरलंसुरलं त्यांच्याकडेच येतं. उपासाच्या दिवशी "आज काही नाही, उपास" असं लिहून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि दोन केळी विसरणारेही आहेत.

म्हणून लिहायचं ते लगेच, रात्री झोपताना आठवून नाही. माप वाटी, पळी, चमचा, पोळीची संख्या असं घरचंच ठेवावं, रोज वजनकाटा काढणारा पंधरा दिवसांत कंटाळतो. बरेच जण तीनच दिवस लिहायला सांगतात, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा, कारण रविवारचं जेवण वेगळंच असतं. माझ्या मते कॅलरीच्या रकान्यापेक्षा भूक होती का, सोबत कोण होतं, टीव्ही चालू होता का हा रकाना जास्त कामाचा, पाच वाजताचं फरसाण भुकेने खाल्लं की कंटाळ्याने हे त्यातूनच कळतं. डायबेटिस असेल तर जेवणानंतर दोन तासांचं रीडिंग शेजारी लिहितात, म्हणजे कुठल्या नाश्त्याने शुगर किती चढली ते आपल्याच आकड्यांत दिसतं.

अ‍ॅपमुळे बेरीज सोपी झाली, बंगळुरूच्या हेल्दीफायमीसारख्या अ‍ॅपमध्ये भारतीय पदार्थही सापडतात, पण तुमच्या घरची मिसळ आणि अ‍ॅपमधली मिसळ एक नसते, तेव्हा आकडा अंदाजच समजावा.

आकड्यांचा नाद वाईटही ठरतो. खाण्याची भीती बसलेल्या किंवा उपाशी राहून मग भरमसाट खाणाऱ्या माणसाने स्वतःहून कॅलरी मोजू नयेत, त्रास वाढू शकतो. गंमत म्हणजे याच आजारांच्या मानसोपचारात डायरी असतेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तिच्यात वेळ, पदार्थ, जागा आणि मनात काय चाललं होतं ते लिहितात, जे खाणं स्वतःला जास्त वाटलं त्यापुढे फक्त एक चांदणी काढतात, कॅलरीचा रकाना नसतो.