शेवेच्या पाकिटावरचा बारकोड

जळगावच्या दाणा बाजारात महिन्याचा किराणा भरला, तर बऱ्याचशा मालावर बारकोडच नसतो. दादर ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, सुट्टं बेसन यातलं काहीही मोबाइलला ओळखता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. बारकोड वाचून पोषणाची माहिती दाखवणाऱ्या ॲपचं काम पडतं ते उरलेल्या पिशवीसाठी. म्हणजे पाकीटबंद शेव, बिस्किटं, नूडल्स, सॉस, फळांची पेयं आणि पोरांच्या दुधात घालायच्या पावडरी.

यासाठी ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हे ॲप घ्यावं. २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा ना-नफा प्रकल्प आहे. ॲप फुकट आहे आणि त्यातली माहिती जगभरच्या स्वयंसेवकांनी पाकिटांचे फोटो काढून भरलेली आहे. बारकोडवर कॅमेरा धरला की पोषणाचा तक्ता, ‘ए’ (सगळ्यात चांगला) ते ‘ई’ असा न्यूट्रि-स्कोअर आणि १ ते ४ असा नोव्हा गट दिसतो. न्यूट्रि-स्कोअर आकड्यांवर चालतो. १०० ग्रॅममागे ऊर्जा, साखर, संपृक्त मेद आणि मीठ वाढलं की श्रेणी घसरते. तंतू, प्रथिनं, फळं, भाज्या, डाळी वाढल्या की सुधारते. नोव्हा ही पद्धत ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती आकडे बघत नाही, कारखान्यात पदार्थावर काय काय केलं तेवढंच बघते.

दोन्हींचं एकमत होईलच असं नाही. रावेर-यावलकडचे केळी वेफर्स घ्या. घटक तीनच: केळी, तेल, मीठ. नोव्हाच्या हिशेबात ते चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियायुक्त गटात जात नाहीत. पण १०० ग्रॅममागे तीसेक ग्रॅम तेल पोटात जातं ते जातंच. साध्या शेवेचंही तसंच. त्याच शेवेत चव वाढवणारे आयएनएस ६२७ आणि ६३१ (पाकिटावर छापलेले मिश्रकांचे क्रमांक) आले की मात्र ती थेट चौथ्या गटात. म्हणून नुसता रंग किंवा अक्षर बघून पाकीट पिशवीत टाकू नये. खाली सरकून तक्ता उघडावा.

तक्त्यात पहिल्यांदा सोडियम बघा, कारण खान्देशी ताटात मीठ शेव, पापड आणि लोणच्यातून गुपचूप येतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा, शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे २ ग्रॅम मीठ. शेजारीच ‘२० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये दैनंदिन गरजेच्या ८ टक्के’ असं छापलेलं असतं आणि ते वाचून बरं वाटतं. पण शेवभाजीच्या वाटीत २० ग्रॅम शेव कोण घालतं? ५० ग्रॅम धरली तरी ४०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅमच्या मर्यादेतला पाचवा हिस्सा. रश्शातलं मीठ वेगळंच.

उडदाच्या पापडाचा हिशेब उलटा लागतो. मीठ आणि पापडखार या दोन्हींत सोडियम असल्यामुळे १०० ग्रॅमचा आकडा धडकी भरवतो, पण एक पापड भरतो जेमतेम १०-१२ ग्रॅम. तेव्हा दोन कंपन्यांची शेव एकमेकींशी ताडायची असेल तर १०० ग्रॅमचा रकाना बघा, आणि आपल्या पोटात किती गेलं हे काढायचं असेल तर आपल्या वाटीचं वजन धरा. शेवेची तुलना बिस्किटाशी करण्यात अर्थ नाही.

अंदाजासाठी ब्रिटनच्या लेबलांवरचे निकष सोपे पडतात. १०० ग्रॅममागे साखर ५ ग्रॅमपर्यंत कमी आणि २२.५ च्या वर जास्त, संपृक्त मेद १.५ पर्यंत कमी आणि ५ च्या वर जास्त, सोडियम साधारण १२० मिलिग्रॅमपर्यंत कमी आणि ६०० च्या वर जास्त. आपल्याकडच्या लेबलवर मिसळलेली साखर वेगळी छापावी लागते, ही मोठी सोय. तिची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल, तर नाचणी आणि ज्वारी त्याहून कमीच. साखरही एका नावाने येत नाही. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी ती यादीभर विखुरलेली असते.

ॲप चुकतं ते बहुधा माहितीमुळे. कंपनीने पाककृती बदलली तरी बारकोड तोच राहू शकतो, आणि ॲपमध्ये जुनाच तक्ता दिसत राहतो. कोणी सोडियमचा आकडा मिठाच्या रकान्यात भरला, तर मीठ अडीच पट कमी दिसतं. आपल्याकडच्या पाकिटांवर तंतू बऱ्याचदा छापलेलेच नसतात, त्यामुळे डाळीच्या पदार्थाला मिळायचे गुण हुकतात आणि श्रेणी उगाच खाली येते. म्हणून पडद्यावरचे दोन आकडे, ऊर्जा आणि सोडियम, हातातल्या पाकिटाशी जुळवून घ्या. जुळले नाहीत तर पाकीट खरं. पदार्थ सापडलाच नाही, तर समोरची बाजू, घटकांची यादी आणि तक्ता असे तीन फोटो चढवा. पुढच्या माणसाची सोय होते.

चकचकीत, चुरगळलेल्या पाकिटावर स्कॅन होत नाही. प्लॅस्टिक ताणून धरा, ट्यूबलाइटची चमक टाळा, नाहीतर खालचे १३ अंक हाताने टाका. सुरुवातीचे ८९० म्हणजे बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे इतकंच. माल कुठे तयार झाला ते त्यावरून कळत नाही. २ ने सुरू होणारा कोड बहुधा दुकानाने स्वतःच वजन करून चिकटवलेला असतो, तो कुठल्याच ॲपला कळणार नाही.

गावातल्या छोट्या पॅकिंगवाल्याचा माल असेल, तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांचे परवाने आणि नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपमध्ये पाकिटावरचा १४ अंकी क्रमांक टाकून परवाना तपासता येतो. तक्रारही तिथूनच जाते.

राहता राहिली पाच रुपयांची पाकिटं, पोरं सगळ्यात जास्त खातात ती. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनाला घटक आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे, पण ती माहिती घाऊक खोक्यावर द्यावीच लागते. दुकानदाराला ते खोकं मागा आणि फोटो त्याचाच काढा.