निर्विकार देव आणि त्याचा कळवळा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

उत्तम शुक्रवारी नाशिकच्या चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते, तेव्हा चौथ्या उद्गारापाशी, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या वाक्यापाशी, एक प्रश्न हटकून उभा राहतो: पुत्र हे भोगत असताना पित्याला काही होत होते की नव्हते? हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात सुमारे अठराशे वर्षे चर्चिला गेला आहे. त्याचे उत्तर बहुतेक काळ ‘नाही’ असे दिले गेले. मात्र त्या नकारामागचे कारण आज सहसा चुकीचे समजले जाते.

वादाचे मूळ शास्त्रातच आहे. १ शमुवेलच्या १५व्या अध्यायात शौलाला राजा केल्याचा अनुताप झाल्याचे देव स्वतः सांगतो, आणि त्याच अध्यायात पुढे शमुवेल म्हणतो की, अनुताप व्हायला तो काही मनुष्य नव्हे. होशेयच्या ११व्या अध्यायात एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, टाकून देण्याच्या विचाराने देवाचे काळीज हलते, तर मलाखी ३:६ मध्ये आपण बदलत नाही, असे देव ठासून सांगतो. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने पहिल्या प्रकारच्या वचनांकडे माणसाच्या समजुतीसाठी वापरलेली भाषा म्हणून पाहिले, आणि अनेक ख्रिस्ती आचार्यांनी हीच वाट धरली.

या आचार्यांची संज्ञा ग्रीक होती: ‘अपाथेइया’. मराठीत तिला ‘निर्विकारता’ हा शब्द जवळचा आहे, आणि या एका बाबतीत मराठी वाचकाची थोडी सोय झाली आहे असे मला वाटते, कारण ‘विकार’ म्हणजे नुसती भावना नव्हे. बाहेरच्या कारणाने मूळ स्थितीत होणारा बिघाडही त्यात येतो. ग्रीक पुराणातले देव मत्सराने आणि कामाने पेटणारे होते. त्यांच्यापासून एका देवाला वेगळे ठेवायचे, तर तो विकारांच्या स्वाधीन नाही असे म्हणणे भाग होते. प्रेम नाकारण्याचा हेतू त्यात नव्हता.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या आरंभी काही शिक्षकांनी पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन नावे आहेत, असे शिकवायला सुरुवात केली. तसे असेल, तर वधस्तंभावर पिताच मेला असे म्हणावे लागते. कार्थेजच्या टर्टुलियनने इ.स. २१३च्या सुमारास अशाच एका शिक्षकाविरुद्ध लिहिताना, या माणसाने पवित्र आत्म्याला पळवून लावले आणि पित्याला वधस्तंभावर खिळले, असा टोला हाणला. पित्याने दुःख भोगले, ही शिकवण तेव्हापासून पाखंडात गणली गेली. तरीही तिसऱ्याच शतकात ओरिजेन या ख्रिस्ती आचार्याने यहेज्केलवरील एका प्रवचनात पिताही वेदनारहित नाही, त्याला प्रेमाची वेदना होते, असे म्हटले आहे. इतरत्र तोच देवाला निर्विकार म्हणतो.

खरा पेच पुत्राविषयी होता. पुत्र पूर्ण देव आहे आणि देव दुःख भोगत नाही, तर क्रूसावर भोगले कोणी? कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याने ख्रिस्तातील देवत्व आणि मनुष्यत्व यांत इतके अंतर राखले की दुःख केवळ मनुष्याच्या वाट्याला गेले. अलेक्झांड्रियाच्या सिरिलला हे मान्य नव्हते: देवाच्या शब्दानेच, म्हणजे पुत्रानेच, देहात दुःख भोगले, पण आपल्या देवत्वात नव्हे, असे त्याचे म्हणणे. इ.स. ४३१च्या इफिससच्या परिषदेत नेस्टोरियस पदच्युत झाला; ४५१च्या खाल्सेदोनच्या परिषदेने देवत्वालाच दुःखाधीन म्हणणाऱ्यांचा निषेध केला; आणि ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने देहात वधस्तंभावर खिळलेला येशू हा त्रैक्यातील (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतील) एक आहे, असे कबूल करणे बंधनकारक ठरवले.

मध्ययुगाने यात सूक्ष्म भेद केले. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसच्या मते दुसऱ्याच्या दुःखाने खिन्न होणे देवाला लागू नाही, ते दुःख निवारणे मात्र खास त्याचेच काम आहे. पुढे इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी पहिल्याच कलमात देव देह, अवयव आणि विकार यांविरहित आहे, असे नोंदले गेले. एकोणिसाव्या शतकात नाशिकमधील शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभारणारी चर्च मिशनरी सोसायटी याच अँग्लिकन परंपरेतली. म्हणजे निर्विकार देवाची ही व्याख्या गोदाकाठी मिशनबरोबरच आली. तिच्या शेजारी लवकरच वेगळा सूरही उमटला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताला अभंग-ओवीच्या भाषेत माउली म्हणून हाक मारली. आईला विकार नसतो, असे कोणी म्हणणार नाही.

विसाव्या शतकात वारे फिरले, ते मुख्यतः महायुद्धांमुळे. नाझींच्या तुरुंगातून जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिश बोनहोफरने जुलै १९४४ मध्ये लिहिले की, दुःख भोगणारा देवच साहाय्य करू शकतो. जपानच्या काझो कितामोरीने १९४६ साली देवाच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. त्याचा आधार यिर्मया ३१:२० हा होता, जिथे हिब्रू भाषा देवाच्या आतड्यांविषयीच बोलते (आपण ‘आतडे तुटते’ म्हणतो, तसेच). हॅम्बुर्गवरील १९४३च्या बाँबवर्षावातून वाचलेल्या जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गन मोल्टमानने १९७२ साली सर्वांत धीट मांडणी केली: पुत्र मरणाचे दुःख भोगतो आणि पिता पुत्र गमावल्याचे. दोघांची दुःखे वेगळी ठेवल्यामुळे टर्टुलियनचा आक्षेप आपल्याला लागत नाही, असा त्याचा दावा होता.

मोल्टमानचा सारा भर चौथ्या उद्गारावर आहे. त्यात त्याला देवाच्या अंतरंगातील ताटातूट दिसते. विरोधक दाखवून देतात की तो उद्गार २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि त्याच स्तोत्रात पुढे देवाने पीडिताच्या दुःखाचा तिरस्कार केला नाही, त्याच्यापासून आपले मुख लपवले नाही, असे म्हटले आहे.