सोन्याच्या शिरा आणि 'धारवाड' या शब्दाचा गुंता

सोन्याचा भाव वाढला की दरवेळी कुठंतरी खाण सापडल्याची बातमी फिरते आणि कोणीतरी हमखास म्हणतो, "धारवाड खडकात सोनं असतंच, पुस्तकातच लिहिलंय." पुस्तकात लिहिलंय हे खरं आहे. कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, पोरांच्या नोट्समध्ये "आर्कियन खडकांची झीज होऊन धारवाड खडक तयार झाले, ते देशातले सगळ्यात जुने गाळाचे खडक, त्यात सोनं, लोखंड, मँगनीज सापडतं" हे वाक्य असतंच (आर्कियन म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुना काळ). मीही ते पाठ केलेलं. पण त्या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यात, आणि सोनं नेमकं कशामुळं आलं ते त्यात कुठंच नाही. म्हणून हे जरा मागं जाऊन.

आधी नाव. १८७६ मध्ये एका ब्रिटिश भूवैज्ञानिकानं 'दक्षिण मराठा मुलुख' आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या भूगर्भावर मोठा अहवाल लिहिला, म्हणजे आपला हा सगळा पट्टा, बेळगाव, कलादगी, धारवाड. पुढं १८८० च्या दशकात त्यानंच दक्षिणेतले हिरवट काळे, पापुद्रे सुटणारे शिस्ट खडक आणि त्यांच्यासोबतचे लोखंडाच्या पट्ट्यांचे खडक आजूबाजूच्या ग्रॅनाइटसारख्या पट्टेरी नाइसपासून वेगळे काढले आणि त्यांना धारवाड म्हटलं. त्याच्या मते नाइस खाली, धारवाड वर, म्हणजे धारवाड वयानं लहान. इथपर्यंत सरळ होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानच्या भूवैज्ञानिकांनी हे उलटं केलं. त्यांनी बघितलं की बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइट आणि नाइस या शिस्टच्या आत घुसलेत, शिस्टचे तुकडे त्यांच्या पोटात अडकलेत. जो घुसला तो नंतरचा, हा साधा नियम, मग शिस्टच सगळ्यात जुने. त्यापुढं जाऊन त्यांनी असंही म्हटलं की धारवाड खडक जवळजवळ सगळेच आगीतून आलेले, त्यातले गोट्यांचे थरसुद्धा खरे नदीचे गोटे नाहीत, चिरडून गोल झालेले तुकडे आहेत. बराच काळ म्हैसूरकडचे लोक असं सांगायचे आणि सर्वेवाले, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक, त्याच्या उलट, आणि पाठ्यपुस्तकांनी दोन्हीतलं थोडं थोडं उचललं. "आर्कियनची झीज होऊन" हे एका बाजूचं आणि "सगळ्यात जुने" हे दुसऱ्या बाजूचं, दोन्ही एकाच वाक्यात बसवलं आणि ते आजतागायत चालू आहे.

खरं म्हणजे दोघांनीही जे बघितलं ते बरोबर होतं, चूक अशी की दोन वेगळ्या वयाच्या खडकांना एकच नाव होतं. खडकांचं वय किरणोत्सर्गी पद्धतीनं मोजता यायला लागलं तेव्हा १९७०-८० च्या सुमाराला हा गुंता सुटला. हासनच्या बाजूचा नाइस ३३० कोटी वर्षांच्या पुढचा निघाला. शिस्टचे जे जुने तुकडे नाइसच्या पोटात आहेत त्यांना वेगळं काढून सरगूर गट म्हटलं, त्यांचं वय ३०० कोटींच्या वर. आणि जे नाइसची झीज होऊन झालेल्या पृष्ठभागावर नंतर साचले, ज्यांच्या तळाशी चिकमंगळूरकडं खरेखुरे गारेच्या (क्वार्ट्झच्या) गोट्यांचे थर दिसतात, तेच आता धारवाड महासंघ, साधारण २९० ते २५५ कोटी वर्षांचे. त्यातही नुसता गाळ नाही, बाबाबुदनच्या डोंगरात तर लाव्ह्याचे थरावर थर आहेत. म्हणजे धारवाड हे सगळ्यात जुने नाहीत आणि निव्वळ गाळाचेही नाहीत. चाळीस-पन्नास वर्षं झाली हे ठरून, तरी पोरांना अजून जुनंच वाक्य पाठ करावं लागतं आणि उत्तरतालिकेतही तेच बरोबर धरतात याचा मला मनापासून त्रास होतो.

बरं, धारवाड हे नाव तिथंच थांबलं नाही. पुढं दक्षिणेतल्या अख्ख्या जुन्या भूखंडाच्या तुकड्यालाच धारवाड क्रेटॉन म्हणायला लागले, मग त्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग पडले, आणि हद्द कुठं धरायची यावरून नवा वाद. काहीजण २५२ कोटी वर्षांच्या आसपासच्या क्लोजपेट ग्रॅनाइटचा लांबलचक पट्टा ही हद्द धरतात, काहीजण चित्रदुर्ग पट्ट्याच्या पूर्व कडेचा घसरलेला भाग, ज्याला शिअर झोन म्हणतात. अलीकडं तर तीन तुकडे मानणारेही आहेत, पश्चिम, मध्य, पूर्व. मला शिअर झोनची हद्द जास्त पटते, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या नाइसचं वय वेगळं आहे आणि सोन्याचा हिशोबही त्यानंच लागतो. कर्नाटकातले कोलार, हट्टी आणि आंध्रातलं रामगिरी हे सोन्याचे ठळक पट्टे सगळे पूर्वेकडं. गदग बरोबर हद्दीला चिकटून. मूळ धारवाड जिथं भरपूर पसरलाय त्या पश्चिम भागात लोखंड आणि मँगनीज जास्त, सोनं कमी. (लोखंड पूर्वेकडं नाही असं नाही, संडूर आहेच.) कोलारचा पट्टा तर मूळ धारवाडपेक्षा जातीनं वेगळा, साधारण २७० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळाचा लाव्हा, भाजून-दाबून बदललेला.

आणि सोनं त्या खडकाबरोबर जन्मलेलं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. २५५ ते २५० कोटी वर्षांपूर्वी हे छोटे छोटे भूखंड एकमेकांवर ढकलले गेले, खालचे खडक तापले, त्यातलं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक पिळून बाहेर पडलं. ते तीनशे-चारशे अंश गरम पाणी गंधकाच्या साथीनं सोनं विरघळवून घेऊन भेगांतून वर आलं. भूकंपात भेग अचानक उघडली की दाब एकदम पडतो, पाण्यातली गार साचते आणि तिच्यासोबत सोनं, किंवा बाजूच्या खडकातल्या लोखंडानं गंधक ओढून घेतलं की सोनं तिथंच बसतं. असं शेकडो वेळा झालं तेव्हा एक शीर तयार होते. पांढऱ्या गारेची शीर, आपल्याकडं गारगोटी म्हणतात तीच. कोलारची मुख्य शीर सरासरी मीटरभर रुंदीचीच होती, पण खाली तीन किलोमीटरच्या पुढं गेली.

त्यानंतरचं भूशास्त्र सोन्याच्या दृष्टीनं थोडक्यात सांगता येतं. धारवाड, बस्तर, सिंगभूम, बुंदेलखंड, अरवली हे तुकडे जोडले गेले, वर कलादगीसारखे वाळूखडक साचले (गोकाकचा धबधबा पडतो तो कातळ), मादागास्कर तुटून गेलं आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडं लाव्हा ओतला गेला.

जुन्या लोकांना या शिरा माहीत होत्या. हट्टीला आधुनिक कंपनी यायच्या कितीतरी आधी शेकडो फूट खोल खणलेलं होतं, जाळ लावून कातळ तडकवायचा ही पद्धत. अशोकाच्या शिलालेखात सुवर्णगिरी नावाचं दक्षिणेतलं ठाणं येतं, आणि कर्नाटकातल्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सापडला तोही सोनं शोधत फिरणाऱ्या एका इंजिनिअरला. इंग्रजांचे शोध बरेचसे याच जुन्या खड्ड्यांवरून सुरू झाले. १८८० ला कोलारात ब्रिटिश कंपनी उतरली, १९०२ ला कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून खाणीसाठी वीज आली, त्या काळात एवढ्या लांबून वीज आणणं ही जगातली मोठी गोष्ट होती. १९५६ ला खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. सव्वाशे वर्षांत आठशे टन सोनं निघालं. पण सुरुवातीला टनाला चाळीस ग्रॅमच्या वर मिळायचं ते शेवटी पाचच्या खाली आलं, खाली कातळच साठ अंशाच्या वर तापलेला, दाबानं भिंती फुटून माणसं मरायची, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला दार लागलं. सोनं संपलं नव्हतं, परवडत नव्हतं. त्या दिवशी हजारो कामगारांच्या घरात काय झालं असेल याचा उल्लेख भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीनंही नाही. आता तिथल्या सायनाईड मिसळलेल्या मातीच्या टेकाडांतून उरलेलं सोनं काढायच्या योजना चालल्यात. हट्टी चालू आहे, आंध्रात जोन्नगिरीला खासगी खाण उभी राहिली. सगळं मिळून देशात वर्षाला दोन टनाच्या आसपास निघतं आणि आपण बाहेरून सातशे-आठशे टन आणतो, कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, साज आणि ठुशी बहुतेक याच बाहेरच्या सोन्याची. २०२० ला उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये तीन हजार टन सापडल्याची बातमी फिरली, नंतर सर्वेवाल्यांनी सांगितलं की अंदाज १६० किलोचा आहे.

आपल्या कोल्हापूरकडं पायाखाली काय, हे लोक विचारतातच. पन्हाळ्याला जांभा, त्याखाली काळा फत्तर (तोच ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थिजलेला), जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नदीच्या दऱ्यांत कलादगीचा वाळूखडक डोकावतो. आंबोली घाट उतरून सिंधुदुर्गातल्या रेडीकडं गेलं की लोखंडाचे ते जुने पट्टे उघड्यावर दिसतात. उत्तरेला कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तिथं साधारण सव्वा किलोमीटर काळ्या फत्तराखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खणलं तेव्हा तो साडेतीनशे मीटरच्या आतच लागला होता. म्हणजे जुना भूखंड लाव्ह्याखाली तसाच पुढं चालत आलाय. त्यात सोन्याच्या शिरा असतील की नाही हे बघायला आधी तो सगळा फत्तर पार करावा लागेल, आणि ते काम सोन्यासाठी म्हणून इकडं कोणी हातात घेतलेलं नाही.