डिजिटल अटक

पोलीस, सीबीआय किंवा ईडीचे अधिकारी असल्याची बतावणी करून एखाद्याला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस, अडकवून ठेवायचे आणि अटकेच्या धाकाने त्याच्याकडून पैसे उकळायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार आहे. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पोलिसांना प्रत्यक्ष येऊन ताब्यात घ्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये याबाबत सावध केले. पुढे सायबर फसवणुकीचा इशारा देणारी कॉलर ट्यूनही कित्येक महिने वाजत होती. तरीही लोक फसतात, शिकलेसवरलेले आणि हयातभर हिशेब सांभाळलेले लोकही.

इशारा सांगतो की फसवणुकीपासून सावध राहा. फोन घेणाऱ्याला मात्र आपण फसवले जातोय असे वाटतच नाही; आपण एखाद्या केसमध्ये अडकलोय असे वाटते. मग तो निर्दोष असल्याचे पटवून देण्याच्या मागे लागतो. म्हणूनच कायद्याला भिऊन वागणारा सरळ माणूस यात लवकर सापडतो.

सुरुवात साधी असते. ‘तुमचे सिम दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा’, किंवा ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत’. समोरचा आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि घरचा पत्ता वाचून दाखवतो, आणि निम्मी शंका तिथेच विरते. मग कॉल ‘साहेबांकडे’ जातो. अंगात गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, व्हॉट्सॲपवर शिक्क्यानिशी वॉरंट. २०२४ मध्ये लुधियानातील एका वयोवृद्ध उद्योगपतींना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवली गेली. त्यांचे ७ कोटी रुपये गेले.

एवढ्या थाटापेक्षाही घातक असतो तो एकांत. ‘प्रकरण गोपनीय आहे, घरी बोललात तर त्यांनाही आत घेऊ. दार लावा, कॅमेरा बंद करू नका.’ शंका काढायला, ऐकलेला इशारा आठवून द्यायला जवळ कोणी उरत नाही. जागरणाने डोके चालेनासे होते.

पैसे ‘पडताळणीपुरते सरकारी खात्यात’ भरायला सांगतात. मुदत ठेवी मोडल्या जातात. बँकेत गेल्यावर खिशात कॉल चालूच असतो आणि कर्मचाऱ्याने विचारलेच तर ‘मुलासाठी फ्लॅट घेतोय’ हे उत्तर पढवलेले असते. त्यामुळे थांबवू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याशी ग्राहकच भांडतो. खरे तर आरटीजीएसच्या फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचे नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले असते: कुठलीशी ट्रेडिंग कंपनी नाहीतर अनोळखी माणूस. सरकारी खात्याला असे नाव कसे, हा प्रश्न त्या घडीला सुचत नाही.

रक्कम भाड्याने घेतलेल्या एकेका खात्यातून पुढे सरकत फुटत जाते. म्हणून कॉल तोडून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी लागते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचे खाते सांगता आले, तर पैसे असतील तिथे गोठवता येतात. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिले की बहुतेक खाती रिकामी झालेली असतात. चॅट पुसू नयेत, तोच पुरावा असतो. पुढे काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे सापडलेत, शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. बऱ्याचदा तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून फसलेल्यांची यादी विकत घेतलेल्यांचा असतो.