‘एरागॉन’ आवडलं, म्हणून ‘फोर्थ विंग’?

“पोरानं ‘एरागॉन’चे चारही भाग संपवले. आता ते ‘फोर्थ विंग’ मागवते. त्यातही ड्रॅगनवर बसून लढाई आहे ना?”

हा निरोप गेल्या दोन वर्षांत मला निदान सात-आठ जणींकडून आलाय. उलट बाजूची तक्रारही तितक्याच वेळा ऐकलीय. जन्मभर फँटसी वाचलेला एखादा मित्र ‘फोर्थ विंग’ हातात घेतो आणि दोनशे पानांनंतर चिडून फोन करतो, “अगं, युद्ध कुठाय यात? ही बाई त्या पोरावरून नजरच हलवत नाहीये.” त्या आईला पुस्तक मुलांचं वाटलं होतं, या मित्राला रणधुमाळीचं. दोघांनीही ‘ड्रॅगन’ एवढंच ऐकलं आणि पुढचं आपापल्या मनानं रचलं.

ड्रॅगनस्वारांची युद्धकथा वेगळी आणि ड्रॅगनस्वारांची रोमँटसी, म्हणजे रोमान्स आणि फँटसीचं मिश्रण, वेगळी. दोन्हींत आकाशातली झुंज आहे, बोलणारे ड्रॅगन आहेत, माणसं मरतात. तरी एकीच्या जागी दुसरी दिली की वाचणाऱ्याची फसवणूक होते.

पहिली तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ख्रिस्तोफर पाओलिनीचा पंधरा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर एरागॉन, त्याला सापडलेलं निळं अंडं, त्यातून निघालेली सफिरा, जुलमी राजा. किंवा नेओमी नोविकची ‘टेमेरेअर’ मालिका: नेपोलियनशी लढणारं ब्रिटिश आरमार, पकडलेल्या फ्रेंच जहाजावर मिळालेलं अंडं, आणि त्यातून निघालेल्या पिल्लानं निवडल्यामुळे आरमार सोडून हवाई दलात जावं लागलेला कॅप्टन लॉरेन्स. पुढे.

दुसरीचा आजचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे रेबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’, मे २०२३चं. व्हायलेट सोरेनगेल वीस वर्षांची आहे, हाडापेरानं नाजूक, आणि तिनं तयारी केलीय ती लेखनिकांच्या विभागाची. जनरल असलेली आई तिला बॅसगायथच्या युद्धविद्यालयात ड्रॅगनस्वारांकडे ढकलते. तिथे वरच्या वर्गात झेडन रायरसन आहे. त्याच्या बापाला बंडाचा म्होरक्या म्हणून मारण्यात आलं आणि ते बंड मोडणाऱ्यांत व्हायलेटची आई पुढे होती. म्हणजे त्याच्याकडे तिचा जीव घ्यायला चांगलं सबळ कारण आहे. पुढे काय होतं ते ओळखायला बक्षीस नाही.

किरकोळ फरक आधी उरकून टाकू. ड्रॅगनला पाय चार आणि वायव्हर्न या त्याच्या भाऊबंदाला दोन, हे युरोपातल्या राजचिन्हांच्या शास्त्रातलं खूळ आहे. टीव्हीवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधले ड्रॅगन दोनपायी होते, त्यानं कुणाचं काही अडलं नाही. ‘फोर्थ विंग’मध्ये तो फरक कथेच्या कामाला येतो, पण कसा ते सांगितलं तर तुम्ही माझ्यावर चिडाल. भाषेचा फरकही आहे. पाओलिनी जुन्या वळणाचं गंभीर लिहितो, यारोसची पोरं आजच्या हॉस्टेलमधल्यासारखी बोलतात आणि सगळं ‘मी जातेय, मी बघतेय’ असं वर्तमानकाळात चालतं. मला ते सुरुवातीला खड्यासारखं लागलं. पन्नास पानांत सवय झाली.

आता ज्याच्यापायी हा लेख लिहायला बसले ते.

रोमँटसी कशाला म्हणायचं, यावर लोक तीन मापं काढतात आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिलं माप: प्रेमाची पानं किती. दुसरं: पलंगावरचे प्रसंग किती आणि किती तपशिलात. (इन्स्टाग्रामवर हे मिरच्यांच्या चित्रांनी मोजतात. चार मिरच्या, पाच मिरच्या. पुस्तक आहे की मिसळ?) तिसरं: नायक मुलगा की मुलगी. हे तिसरं माप लावणाऱ्यांशी मी बोलणंच सोडलंय. बाईनं लिहिलं आणि बाई ड्रॅगनवर बसली की रोमँटसी, या हिशेबानं नोविकही त्यात जाईल, आणि तिच्या मालिकेत प्रेमप्रकरण फक्त तोंडी लावण्यापुरतं आहे. हवाई दलात गेल्यामुळे लॉरेन्सचं ठरत आलेलं लग्न मोडतं, तेही काही पानांत उरकतं.

खरा प्रश्न असा की, पुस्तक शेवटपर्यंत कोणत्या प्रश्नावर उभं आहे?

‘संगीत सौभद्र’ आठवा. किर्लोस्करांचं, १८८२ साली रंगभूमीवर आलेलं. माणसं कोण? अर्जुन, कृष्ण, बलराम. महाभारताचीच. बलरामानं सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय, म्हणजे राजकारणही आहे. पण नाट्यगृहात बसलेला माणूस कुरुक्षेत्राची वाट बघत नसतो. सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार हे त्याला तिकीट काढण्याआधीपासून ठाऊक असतं. तो बघायला आलेला असतो की हे जुळतं कसं, कृष्ण कुठली कळ फिरवतो, यतीच्या वेषातला अर्जुन किती वेळ धीर धरतो. तेच लग्न महाभारतात आहे, पण तिथे तो मोठ्या कथेतला एक टप्पा आहे. ते काढलं तर अभिमन्यू नाही, हे खरं. पण महाभारत ‘सुभद्रेचं कुणाशी होणार’ या प्रश्नावर उभं नाही.

‘फोर्थ विंग’ सौभद्राच्या बाजूला बसतं, हे मी पानं मोजून म्हणत नाही. कथेची यंत्रणाच तशी बांधलीय. व्हायलेटला निवडतो तो टेर्न, आणि टेर्नची जोडीदारीण स्गेल ही झेडनची ड्रॅगन. जोडीतले ड्रॅगन एकमेकांपासून फार काळ लांब राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या स्वारांनाही राहता येत नाही. शिवाय व्हायलेट मेली तर टेर्न जाईल, त्याच्यामागे स्गेल आणि तिच्यामागे झेडन. ज्याला तिला मारायचं होतं त्याच्यावरच तिला जिवंत ठेवायची पाळी आली! दुसऱ्या भागात, ‘आयर्न फ्लेम’मध्ये, तर दोघांच्या नेमणुका वेगळ्या ठिकाणी असतात आणि ठरावीक दिवसांनी भेट घडवावी लागते. युद्ध तोंडावर असताना सैन्याला रजेचं वेळापत्रक दोन ड्रॅगनांच्या विरहावरून आखावं लागतं. कुठल्याही युद्धकथेत हे हास्यास्पद झालं असतं. इथे तो कणा आहे.

आणि याहून बारीक कारागिरी पुढे आहे. (पहिला भाग वाचायचा असेल तर हा परिच्छेद गाळा.) नवार राज्याचे वरिष्ठ सीमेपलीकडचं एक सत्य स्वतःच्याच सैनिकांपासून लपवतात. झेडनला ते माहीत असतं आणि तोही व्हायलेटला सांगत नाही. म्हणजे राज्याचं गुपित आणि प्रियकराचं गुपित एकच. ते फुटतं तेव्हा युद्धाचा नकाशा बदलतो आणि त्याच क्षणी तिचा त्याच्यावरचा विश्वासही जातो. दुसरा भाग बराचसा या एकाच भांडणावर चालतो: तू मला सगळं सांगणार आहेस की नाही? युद्धाची प्रत्येक खबर दोघांमधल्या हिशेबात जमा होते. माझा तो चिडलेला मित्र ‘युद्ध कुठाय’ म्हणत होता. युद्ध तिथेच होतं, पण त्या दोघांच्या तंट्याचं इंधन म्हणून.

आता ‘टेमेरेअर’ला हीच कसोटी लावा. तिथल्या मोठ्या ड्रॅगनवर अख्खी पलटण चढते: बंदूकवाले, बॉम्ब टाकणारे, निशाणं दाखवणारी पोरं. त्यांना खायला गुरं लागतात आणि ती कुठून आणायची याची चिंता खरी असते. ड्रॅगन स्वतःच विचारू लागतो की आम्ही लढतो तर आम्हाला पगार का नाही, हक्क का नाहीत. मालिकेतलं सगळ्यात खोल नातं माणसाचं आणि ड्रॅगनचं आहे, आणि ते मैत्रीचं आहे. प्रेयसी काढून टाकली तर वाचकाच्या ध्यानातही येणार नाही. रसद काढली तर पुस्तक कोसळेल. मला विचाराल तर ड्रॅगनांवर यापेक्षा सरस मालिका झालेली नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.

‘एरागॉन’मध्ये प्रेम आहे. आर्यावर तो पहिल्या भागापासून लट्टू आहे. पण चौथ्या भागाच्या शेवटी, २०११ साली, पाओलिनीनं काय केलं? एरागॉन देश सोडून निघतो, आर्या मागे राहते. वाचक हळहळले, तरी आपल्याला फसवलं असं कुणाला वाटलं नाही, कारण राजाचं पारिपत्य झालं होतं आणि पुस्तकानं शब्द दिला होता तो त्याचा. रोमान्समध्ये हे चालत नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेची व्याख्याच दोन अटींची आहे: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा. हा नियम आहे, लेखिकेचा दुबळेपणा नव्हे. ‘शेवट गोडच होणार, मग वाचायचं कशाला’ असं म्हणणाऱ्यानं सौभद्रालाही जाऊ नये.

मालिका असली की मात्र हा शब्द लांबणीवर पडतो. ‘फोर्थ विंग’चा प्रत्येक भाग तुम्हाला कड्यावरून लोंबकळत सोडतो. त्यावरून ‘बघा, शेवट गोड नाही, म्हणजे ही फँटसीच’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. अहो, मध्यंतराला पडदा पडला म्हणून नाटक शोकान्त होत नाही.

ही कसोटी कुठे अडखळते तेही सांगते. ॲन मॅकॅफ्रीचं ‘ड्रॅगनफ्लाइट’, १९६८चं. ड्रॅगनस्वारांच्या या सगळ्या गोतावळ्याची आजी. तिथे ड्रॅगनांचा मीलनाचा उड्डाणसोहळा असतो, त्यात त्यांचे स्वारही वाहवत जातात आणि लेसा व फ्लार यांची जोडी अशीच जुळते. त्या प्रसंगात तिच्या संमतीचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आजच्या वाचकाला तो खुपतो. मलाही खुपला. ड्रॅगनांच्या जोडीमुळे स्वारांची जोडी, ही कळ म्हणजे यारोसच्या पुष्कळ आधीची. मग ‘ड्रॅगनफ्लाइट’ रोमँटसी का नाही? कारण ते पुस्तक ज्या प्रश्नावर उभं आहे तो वेगळा: आकाशातून पडणारे, सगळं हिरवं खाऊन टाकणारे धागे जाळायला एवढेसे ड्रॅगन पुरणार कसे? लेसा त्याचं उत्तर शोधायला चारशे वर्षं मागे जाते. फ्लारशी तिचं जमलं की नाही, हे आपण मधल्या मधे विसरूनही जातो.

राहिला वयाचा मुद्दा. तिथे घोळ नाही, निष्काळजीपणा आहे. आपल्याकडे अद्भुत म्हणजे मुलांचं, हा समज हाडीमासी खिळलाय. परी, राक्षस, उडता घोडा दिसला की पुस्तक बालविभागात. एका दुकानात मी स्वतः ‘आयर्न फ्लेम’ किशोरांच्या फळीवर पाहिलंय, शेजारी मुलांची कोडी. काउंटरवरच्या दादांना सांगितलं तर म्हणाले, “ताई, ड्रॅगनचं आहे ना?” ‘आयर्न फ्लेम’सारख्या पुस्तकांना इंग्रजी प्रकाशनात ‘न्यू ॲडल्ट’ म्हणतात. २००९मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसनं तो शब्द चालवला. किशोरवय ओलांडलेल्या, घराबाहेर पडलेल्या नायक-नायिकांच्या गोष्टी. ‘फोर्थ विंग’मधली शृंगाराची वर्णनं दिवा मालवून संपत नाहीत, आणि वर्गातली पोरं पहिल्या दिवसापासून पटापट मरतात. बारा वर्षांच्या पोरासाठी ते लिहिलेलंच नाही. प्रौढांनी खुशाल वाचावं, लपवून वाचायची गरज नाही. ‘ते हलकंफुलकं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ड्रॅगनांच्या जोडीची ती बांधणी एकदा स्वतः जमवून दाखवावी.

तेव्हा पोराला ‘एरागॉन’नंतर ‘टेमेरेअर’ द्या. तोवर इंग्रजी जरा पिकलेलं असलं तर बरं, कारण नोविकची वाक्यं लांबलचक असतात. ‘फोर्थ विंग’ मागवलंच असेल तर परत करू नका, स्वतःच्या उशाशी ठेवा. फक्त घाईची सवय असेल तर थोडं थांबून सुरू करा. मालिका पाच भागांची ठरलीय, तिसरा ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५मध्ये आला, आणि त्याच्या शेवटच्या पानावर यारोसनं त्या दोघांना जिथे नेऊन सोडलंय ते वाचून मी रात्री दीड वाजता पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.