दार उघडलं की दिवा कसा लागतो?

घरात बटण दाबलं की फेज जोडली जाते. गाडीच्या छतातल्या दिव्याचं बहुतेक गाड्यांत उलटं असतं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट दिव्यापर्यंत आलेला असतो, चावी काढली तरीही. दार उघडल्यावर जोडला जातो तो अर्थ, म्हणजे मायनसची बाजू. गाडीची बॉडीच बॅटरीच्या मायनसला जोडलेली असल्याने परतीची वायर लांब न्यावी लागत नाही.

दाराच्या चौकटीत रबरी टोपीचा छोटा दांडा दिसतो, तो डोअर स्विच. दार लागलं की दांडा दाबला जातो आणि अर्थ तुटतो. दार उघडलं की दांडा बाहेर येतो, अर्थ मिळतो. एकाच दाराचा दांडा आत अडकला तर फक्त ते दार उघडल्यावर दिवा लागत नाही. बाहेर अडकला तर मात्र दिवा रात्रभर जळतो. 10 वॅटचा बल्ब तासाला साधारण 0.8 अँपिअर-तास खातो. 35 अँपिअर-तासाची नवी बॅटरी एवढं सोसते, जुनी सकाळी सेल्फ मारत नाही.

दिव्याचं बटण ‘ऑन’वर ठेवलं की दिवा लागतो, पण ‘डोअर’वर ठेवून दार उघडलं की नाही? मग बल्ब, फ्यूज ठीक आहेत. दोष डोअर स्विचचा किंवा त्याच्या वायरचा. बऱ्याच स्विचना अर्थ त्यांच्या स्क्रूतूनच मिळतो, म्हणून गंज चढला किंवा डेंटिंग-पेंटिंगमध्ये खाली रंग गेला की काम थांबतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार. पत्रा घासून स्क्रू आवळला की पुष्कळदा भागतं, नवा स्विच लागतोच असं नाही. कशावरच लागत नसेल आणि रेडिओचं घड्याळही शून्यावर गेलं असेल तर आधी फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकाच फ्यूजवर असतात.

बल्ब बदलताना बटण ‘ऑफ’ केलं तरी होल्डरच्या एका टोकाला करंट असतोच. स्क्रू ड्रायव्हर छताच्या पत्र्याला टेकला की फ्यूज गेला. म्हणून आधी फ्यूज काढूनच हात घाला, आणि उडालाच तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. एलईडी लागला नाही तर उलटा फिरवून बघा.

बऱ्याच नव्या गाड्यांत दांडा नसतो. स्विच दाराच्या लॉकमध्ये आणि दिवा कंट्रोल मॉड्यूलच्या (इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) ताब्यात; म्हणून तो हळूहळू मंदावत विझतो. अशा गाडीत टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा दिवा) दिसेल त्या वायरला लावू नका, मॉड्यूल जळू शकतं आणि ते फार महाग पडतं. पायाखालचे जादा दिवे हवे असतील तर गाडी आमच्याकडे आणा, आम्ही ते वेगळ्या फ्यूजवर जोडतो.